खरे पारितोषिक

स्पर्धा म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे पदके, टाळ्या आणि विजयी वीराच्या गळ्यातील हार उभे राहतात. परीक्षकाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. वस्तुतः स्पर्धेत जसा स्पर्धकाचा कस लागतो, तसाच परीक्षकाचाही लागतो. रत्न धुळीत पडले तरी ते रत्नच असते, हे खरे. पण ते उचलणारा पारखी भेटला नाही, तर त्याचे तेज जगाला कळावे कसे? उमेदीच्या तरुण छायाचित्रकारांसाठी आज देशोदेशीची कलादालने स्पर्धा आणि प्रदर्शने भरवितात. अशा उपक्रमांचे मोल कशात आहे, हे समजून घ्यावयाचे असेल, तर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराचे चरित्र पाहावे.

आल्फ्रेडचा जन्म १८६४ साली अमेरिकेतील होबोकन या गावी झाला. तरुणपणी तो जर्मनीत, बर्लिन येथे यंत्रशास्त्राचा अभ्यास करीत होता. तेथे १८८३ साली त्याने एक कॅमेरा विकत घेतला आणि हळूहळू यंत्रशास्त्र मागे पडले. छायाचित्रणाचे रसायनशास्त्र शिकविणारे फोगेल नावाचे प्राध्यापक त्याला गुरू लाभले. सुटी लागली की कॅमेरा खांद्यावर टाकावा आणि गावोगाव हिंडावे, हा त्याचा छंद झाला.

अशाच एका भटकंतीत तो इटलीतील बेलाजो या गावी पोहोचला. तेथे रस्त्यावर जमलेल्या मुलांचा एक हसरा घोळका त्याने टिपला. त्या काळी छायाचित्र म्हणजे नटूनथटून, श्वास रोखून यंत्रासमोर बसणे, अशीच बहुतेकांची कल्पना होती. या चित्रातील मुले मात्र खरोखरीच हसत होती. १८८७ साली लंडनच्या एका नियतकालिकाने हौशी छायाचित्रकारांसाठी सुटीतील चित्रांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा आल्फ्रेडने आपली चित्रे तिकडे पाठविली. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. छायाचित्राने कृत्रिम सजावट टाकून निसर्गाशी इमान राखावे, असा त्यांचा आग्रह असे. आलेल्या चित्रांच्या ढिगातून त्यांनी या अपरिचित तरुणाचे चित्र पहिल्या पारितोषिकासाठी निवडले. त्यातील सहजता त्यांच्या मनात भरली होती. तेवीस वर्षांच्या आल्फ्रेडला रौप्यपदक मिळाले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपण ज्या वाटेने चाललो आहोत ती खरी आहे, अशी ग्वाही एका जाणत्याकडून मिळाली.

१८९० साली तो न्यूयॉर्कला परतला. हातात धरून वापरावयाच्या लहान कॅमेऱ्याला त्या वेळी अनेक जण खेळणे समजत. १८९३ च्या फेब्रुवारीत शहरावर हिमवादळ कोसळले असता, तसलाच एक उसना कॅमेरा घेऊन तो फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बोटे गोठविणाऱ्या थंडीत तो सुमारे तीन तास तिष्ठत होता. अखेर हिमाचे लोट अंगावर घेत एक घोडागाडी समोरून आली आणि त्याने कळ दाबली. चित्राची काच पाहून ओळखीचे छायाचित्रकार हसले. असले अस्पष्ट चित्र फेकून द्यावे, असा त्यांचा सल्ला होता. आल्फ्रेडला मात्र आपण काय मिळविले आहे, हे पक्के ठाऊक होते. पुढे तेच चित्र त्याच्या गाजलेल्या कृतींत गणले गेले. कॅमेरा उसना मिळू शकतो. पाहण्याची दृष्टी आणि थांबण्याचा धीर मात्र उसना मिळत नाही.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. चित्र काढते ते यंत्र, मग त्यात माणसाची कला ती कोणती, असे लोक विचारीत. या प्रश्नाला वादविवादापेक्षा प्रत्यक्ष कृतीने उत्तर द्यावे, म्हणून स्टीग्लिट्झ यांनी १९०५ साली फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत कलादालन उघडले. जागा ती केवढी? अवघ्या तीन लहान खोल्या! घराच्या क्रमांकावरून लोक त्याला ‘२९१’ म्हणू लागले.

सुमारे १९०७ साली लुईस हाइन नावाचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे दालन पाहावयास आले. गिरण्यांतून आणि खाणींतून राबणाऱ्या बालकांची दुःखे छायाचित्रांनी जगापुढे मांडणारे हाइन ते हेच. त्या विद्यार्थ्यांत पॉल स्ट्रँड हा मुलगा होता. भिंतीवरील चित्रे पाहताना त्याने मनाशी ठरविले, की आपणही छायाचित्रकारच व्हावयाचे.

पुढे पॉल आपली चित्रे अधूनमधून स्टीग्लिट्झ यांना दाखवू लागला. त्या वेळी तो चित्राला धूसरपणा आणणारे भिंग वापरीत असे. चित्रे मोठी मोहक दिसत. परंतु स्टीग्लिट्झ यांनी पाठ थोपटून त्याची बोळवण केली नाही. या भिंगामुळे गवत, पाणी आणि झाडाची साल यांत काही भेदच उरत नाही, हा दोष त्यांनी त्याला स्पष्ट दाखवून दिला. एखादा हिरमुसून गेला असता. पॉल मात्र कामाला लागला. १९१५ साली तो नवी चित्रे घेऊन आला. त्यांत वॉल स्ट्रीटचे एक दृश्य होते. एका पेढीच्या प्रचंड काळ्या खिडक्यांखालून सकाळच्या उन्हात लांब सावल्या टाकीत माणसे चालली आहेत, इवलीशी, मुंग्यांसारखी! स्टीग्लिट्झ यांनी त्या चित्रांचे मनापासून स्वागत केले आणि हे दालन आता त्याचेही आहे, असे सांगितले. १९१६ साली पॉलची चित्रे ‘२९१’ च्या भिंतींवर झळकली. स्टीग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा १९१७ सालचा अखेरचा अंक तर पॉलच्याच छायाचित्रांना वाहिलेला होता. त्याच वर्षी दालनही बंद झाले.

त्या तीन खोल्यांत पॉलला पदक मिळाले नाही. तेथे त्याला काही वर्षे परखड सत्य मिळाले आणि योग्य वेळ येताच भिंतीवर मानाची जागा मिळाली. एमर्सन यांनी एका अनोळखी तरुणाला पारखले. त्या तरुणाने पुढे दुसऱ्याला पारखले. दिव्याने दिवा लागतो, तो असा.

आज कॅमेरा खिशातल्या दूरध्वनीत येऊन बसला आहे आणि एका दिवसात शेकडो चित्रे काढता येतात. स्पर्धाही पुष्कळ होतात. एकाला पारितोषिक मिळते, बाकीचे रिकाम्या हातांनी परततात. परंतु आपल्या चित्रात काय उणे आहे, हे ज्याला कोणी आपुलकीने सांगितले आणि ज्याने ते शांतपणे ऐकले, तो रिकाम्या हातांनी परतला असे कोण म्हणेल? पदक कालांतराने काळे पडते. उघडलेली दृष्टी जन्मभर सोबत करते.