जुनी कॅसेट, नवा पडदा

जळगाव-धुळ्याकडच्या १९९०च्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी आता संगणकात उतरवल्या जात आहेत. मोठ्या टीव्हीवर त्या लावल्या, की पावरी वाद्याच्या सुरांवर नाचणाऱ्या वऱ्हाडाच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरून शार्पनेससकट दिसेल तो फिल्टर चालू केला जातो. माझ्या मते प्लेअरमधल्या, फाइल उघडणाऱ्या डिकोडरचं काम चित्र नटवण्याचं नाहीच. ज्या नियमाने ते साठवलं, त्याच नियमाने त्याने ते उघडावं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपली जात: एकदा विषम ओळी, एकदा सम. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ती एकामागून एक रेखाटायचा. आजचा पडदा अख्खं चित्र एकदम दाखवतो, त्यामुळे दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी शेजारी येतात आणि हलता हात दोन ठिकाणी दिसतो. इथे या ओळींचा मेळ घालणारं डीइंटरलेस हवंच; शार्पनेस वाढवला तर ते दात उलट ठळक होतील. चित्राचं प्रमाणही मूळचं ४:३ ठेवावं, नाहीतर नवरदेव उगाच जाड दिसतो.

‘डीइंटरलेस ऑटो ठेवलं की झालं’ हे पुष्कळदा खरं असतं. पण ऑटो फाइलमधल्या ओळींच्या क्रमाच्या खुणेवर चालतं, आणि कॅसेट उतरवताना ती खूणच चुकली, तर ओळींचा क्रम उलटून माणसं मागेपुढे धक्के खात नाचतात. शिवाय ३५२×२८८च्या व्हीसीडीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात. तिथे डीइंटरलेस सक्तीने लादलं तर असलेला तपशीलही जातो. हार्डवेअर डिकोडिंगने चित्र खुलतं, हाही गैरसमज. त्याने प्रोसेसरचा भार ग्राफिक्स चिपवर जातो, एवढंच. ४के फाइलला ते उपयोगी, कॅसेटच्या फाइलला त्याची फारशी गरज नाही.

‘पण एआयने चेहरे स्वच्छ होतात, त्यात वाईट काय?’ हा आक्षेप जास्त वजनाचा. मात्र टेपवर जे उमटलंच नाही, ते कुठलाही फिल्टर परत आणत नाही. तो अंदाजाने नवं रंगवतो. धुळ्याशेजारच्या मालेगावात २००० साली व्हिडिओवर काढलेला ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट गुळगुळीत केला, तर तुटपुंज्या साधनांतली ती जिद्दच पुसली जाईल. आजीच्या चेहऱ्याचंही तेच. फिल्टर पाहण्यापुरता हवा तेवढा लावा. पण मूळ फाइलवर तो कायमचा उमटवू नका, आणि तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.