येताना कांदा, जाताना काय?

बंगळुरूला आलात की लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध पाहालच. पण एक सकाळ राखून ठेवा आणि मेट्रोने यशवंतपूरला उतरा. तिथल्या एपीएमसी यार्डाकडे जाताना ट्रकच्या नंबरप्लेट वाचत चला. एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच १३ सोलापूर, एमएच १७ श्रीरामपूर. कन्नड गलक्यात मध्येच मराठी हाक ऐकू आली की क्षणभर लासलगावात आल्यासारखं वाटतं.

कांदा उतरला, गाडी खाली झाली. आता चालकाला एकच चिंता: परत काय न्यायचं?

चहाच्या टपरीवर नाशिककडच्या एका चालककाकांनी मला हिशेब सांगितला. "भाडं एका बाजूचं, पण टोल दोन्ही बाजूंचा, पोरी!" टोल गाडीच्या प्रकारावर लागतो. आत माल आहे की नाही, हे नाक्यावर कोणी विचारत नाही. रिकामी गाडी डिझेल थोडं कमी खाते, पण खातेच. नाशिक इथून हजार किलोमीटर. म्हणून भाडं मिळेपर्यंत थांबायचं. तेही फुकट नाही. जेवणखाण, बँकेचा हप्ता आणि घरी वाट पाहणारी माणसं असतातच. रिकाम्या परतीचा खर्च शेवटी येतानाच्या भाड्यात चढतो. मग शेतकऱ्याला कमी मिळतं आणि तुम्हा-आम्हाला कांदा महाग पडतो.

एवढ्या मोठ्या शहरात माल का मिळू नये? कारण बंगळुरू हे खाणारं शहर. इथलं सॉफ्टवेअर जगभर जातं, पण ते ट्रकमध्ये भरता येत नाही. पीण्याच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग बनतात, पण त्यांना बऱ्याचदा बंद गाडी लागते. कांद्याच्या उघड्या गाडीला जवळचा माल म्हणजे नारळ. तुमकुरू-तिपटूर भागात नारळ आणि खोबरं, तर म्हैसूर रस्त्यावर मद्दूरला शहाळ्यांचा मोठा बाजार. मद्दूरपर्यंत ८० किलोमीटर रिकामं जावं लागलं तरी परवडतं, कारण पुढचा सगळा रस्ता गाडी भरलेली असते.

पूर्वी ही गाठ दलाल घालून द्यायचे. आता मोबाइलही मदतीला आहे. ट्रक आणि माल यांची जोडी लावणारी 'ब्लॅकबक' २०१५ साली याच शहरात सुरू झाली. रेल्वेनेही एक वाट काढली. ३० ऑगस्ट २०२० रोजी नेलमंगला ते सोलापूरजवळचं बाळे अशी 'रो-रो' गाडी निघाली. त्यात भरलेले ट्रकच रेल्वेच्या वाघिणींवर चढवून ६८२ किलोमीटर नेतात. त्यामुळे डिझेल वाचतं, पण त्या ट्रकलाही परतीचा माल शोधावाच लागतो.

काकांचं काम त्या दुपारी झालं. मद्दूरची शहाळी, पुण्यापर्यंत. "पुण्याहून घर काय, जवळच!" म्हणत त्यांनी चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

तुम्हीही हातभार लावू शकता. दुसऱ्या शहरात घर हलवताना ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, "परतीची गाडी आहे का?" तारखेत दोन-तीन दिवसांची सूट दिलीत, तर भाडं कमी होऊ शकतं आणि कुणाची तरी गाडी भरून घरी जाते.