मोत माउलीच्या टेकडीवर

वांद्र्याच्या पश्चिमेस, अरबी समुद्राकडे पाहणाऱ्या लहानशा टेकडीवर माउंट मेरीचे चर्च आहे. इथले कोळी आणि ईस्ट इंडियन लोक मारियेला ‘मोत माउली’ म्हणतात. आजची वास्तू १९०४ सालची. आतील मूर्ती त्याहून पुष्कळ जुनी. १७०० साली चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला आणि पुढे ती दुरुस्त झाली, अशी हकीकत सांगतात. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी सण होतो, आठवडाभर जत्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक टेकडी चढतात.

आम्ही वसईहून गेलो ते जत्रेच्या आधी, पावसाळ्यातल्या एका सकाळी. बरोबर माझी लेक आणि तिचे तीन महिन्यांचे बाळ होते.

बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. बाळ सुदृढ होते. पण तिसरा आठवडा उलटला तरी तिचे रडणे थांबेना. बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नसे. “मी चांगली आई नाही,” एवढेच ती म्हणे. मी डिंकाचे लाडू केले, शेकशेगडी केली आणि वर उपदेशही केला, “देवाने एवढे दिले आहे, रोज रोझरी म्हण. आम्ही नाही का मुले वाढवली?” ती खाली मान घालून म्हणाली, “आई, मला प्रार्थनासुद्धा होत नाही.” तिच्या दुःखात अपराधाची भर मीच घातली होती.

दीड महिन्याच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी बाळाआधी तिची विचारपूस केली आणि सारे बाहेर आले. प्रसूतीनंतर पहिले काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक असते. दोन आठवड्यांनंतरही ते सावरले नाही, तर तो प्रसूतीपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो, हे मला तेव्हा कळले. मानसोपचारतज्ज्ञांनी समुपदेशन सुरू केले आणि स्तनपान चालू ठेवता येईल असे औषध दिले. गुण यायला काही आठवडे लागतील, हेही सांगितले.

टेकडीवर जाऊ, असे मग तीच एके दिवशी म्हणाली.

चर्चबाहेरच्या दुकानांत नवसाच्या मेणाच्या आकृत्या असतात : घर, हात, पाय, तान्हे बाळ. दुखऱ्या मनाची आकृती मात्र मला कुठे दिसेना. आम्ही एक साधी मेणबत्ती घेतली.

आत ती बराच वेळ मूर्तीकडे पाहत बसली. “मला काही मागता येत नाही गं.”

“नको मागूस. आज मी मागते. तू नुसती बस.”

मला १३वे स्तोत्र आठवले. अवघ्या सहा वचनांचे. पण त्याचा आरंभ देवाकडे केलेल्या तक्रारीने होतो. रडणाऱ्यालाही देवापुढे जागा आहे, हे इतकी वर्षे वाचूनही मला उमगले नव्हते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “हिलाही कुणीतरी दुरुस्त केलंच ना, आई?”

समोरच्या पायऱ्यांवर समुद्राचा वारा येत होता. बाळ माझ्या मांडीवर होते. तिने भाजलेले कणीस मागितले आणि सगळे खाल्ले. कित्येक दिवसांत तिने स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

औषध पुढे डॉक्टरांनी सांगितले तितके महिने चालले. रात्रीचे एक जागरण मी घेतले, कारण तिला सलग झोप हवी होती. आमच्या घरातल्या प्रार्थनेला आता हे रूप आले होते.

आपल्या घरात अशी लेक वा सून असेल, तर तिला बोलू द्यावे, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर तिला एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही जत्रेला गेलो. नातू पायरी धरून उभा राहत होता. मेणबत्ती या वेळी लेकीने लावली आणि डोळे मिटून काहीतरी मागितले. काय मागितले, ते मी विचारले नाही.