फणसाचं लाकूड, मद्रासचा पत्रा

तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या पडवीत, ताडपत्रीखाली 1965 सालची स्टँडर्ड हेराल्ड उभी होती. दोन दारांची, फिक्या निळ्या रंगाची. विकायची आहे एवढा निरोप आला आणि मी पुण्याहून निघालो.

हेराल्ड काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण तिचीच चासी आखूड करून 1962 साली इंग्लंडात ट्रायम्फ स्पिटफायर उभी राहिली; दोघींचं रूप ट्यूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्तीच्या हातचं. मद्रासच्या कारखान्यात तयार झालेली हेराल्ड म्हणजे आपल्याकडची त्या कुळातली लेक. इंजिन अवघं 948 सीसीचं, पण वळते मात्र रिक्षासारखी चटकन.

गाडी पाहायच्या आदल्या संध्याकाळी वीणा करणाऱ्या एका कारागिराकडे बसलो होतो. फणसाच्या लाकडावर तो बोटाच्या पेरानं टकटक करी आणि कान लावून थांबे. एकाच ओंडक्यातून कोरलेली ती एकांड वीणा. तिचा मान मोठा. जोडाची वीणाही असते. तिचे भाग वेगळे घडवून सांधतात.

सकाळी गाडीपाशी, तपासायला बोलावलेल्या मिस्त्रीनं तेच केलं. दाराच्या खालच्या कडेला त्यानं पेरानं ठोकलं. पुढून पत्रा ठणठणीत बोलला, मागच्या चाकाजवळ मात्र आवाज बसका आला. त्यानं खिशातून चुंबक काढून तिथं लावलं, ते घसरून खाली पडलं. आत पत्रा नव्हताच, पुट्टी होती. कावेरीच्या खोऱ्यातला ऐप्पसी-कार्तिकातला पाऊस साठ वर्षं मुरला, तर पत्र्याचं दुसरं काय होणार?

मी खट्टू झालो, पण मिस्त्री झाला नाही. हेराल्ड ही जोडाची वीणा आहे. खाली स्वतंत्र चासी आणि वर बोल्टांनी आवळलेले बॉडीचे भाग. एक भाग सडला तर तेवढाच उतरवून बदलता येतो. म्हणून रंगाला भुलायचं नाही आणि पुट्टीला घाबरायचंही नाही. आधी पाठीवर झोपून गाडीखाली शिरायचं. चासीच्या बाजूला फुटलेले हात, ज्यांवर बॉडी टेकते, ते पेचकसानं टोचून पाहायचे. मग वर येऊन दार आणि खांब यांच्यामधली फट न्याहाळायची. ती वर अरुंद, खाली रुंद असेल, तर चासी वाकली आहे आणि तिथं हातचा पैसा संपतो. ह्या गाडीची फट सरळ होती. मला किती हायसं वाटलं, ते सांगता येणार नाही.

मग त्यानं बॉनेट उचललं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं, आणि इंजिन, पुढची चाकं, सगळं उघडं पडतं. चाकाच्या आतल्या बाजूला, खाली, पितळी रंगाचा एक सांधा असतो. त्याला ट्रनिअन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की उभा दांडा त्यात आट्यांवर फिरतो. त्याला गिअरचं ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. ग्रीस भरून वर्षानुवर्षं विसरलं, तर आटे आतून गंजतात आणि एखाद्या वळणावर चाक मुडपून गाडीखाली जातं. बाहेरून पाहून ह्यातलं काहीही कळत नाही.

म्हणून मी कागद मागितले. आरसी बुक होतं, त्यावरचे इंजिन आणि चासीचे नंबर गाडीशी जुळले. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असल्यानं 2021च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येईल: नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं आणि फी 20,000 रुपये, आधीच नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो, आणि रोजच्या वापराला मनाई. पुण्याला न्यायची तर इथल्या आरटीओची एनओसी हवी.

"काका, गाडीची कामं कधी केली, काही लिहिलेलं आहे का?"

मालक आत गेले आणि कापडी बांधणीची वही घेऊन आले. पानं तमिळ अक्षरांनी भरलेली. मला एक अक्षर लागेना. त्यांनी चष्मा चढवला, वाचू लागले, आणि मी चमकलो: ती मराठी होती. त्यांच्या वडिलांची, घरातली मराठी, तमिळ लिपीत लिहिलेली. कुंभकोणमला जाऊन आलो. पुढच्या चाकांना तेल घातलं. ब्रेक घट्ट केले. दर दोन-तीन महिन्यांनी तेलाची नोंद. 1855 साली इथलं मराठी राज्य गेलं; त्यानंतर शंभरावर वर्षांनी एक माणूस ह्या भाषेत ट्रनिअनचं तेल टिपून ठेवत होता.

शेवटची नोंद 1994ची. पुढं कोरी पानं.

"अप्पा गेले," काका म्हणाले. "नंतर कोणी घातलं नाही."

दोन्ही ट्रनिअन उघडून आटे पाहिल्याशिवाय किंमत बोलू नये, असं मी ठरवलं. तसं सांगितलंही. त्यांना ते पटलं. मिस्त्रीनं दुपारभर खपून डावं चाक उतरवलं, सांधा खोलला, फडक्यानं पुसला. आटे काळे पडले होते, पण शाबूत होते. उजवं उद्या. जोडून झाल्यावर त्यानं डाव्या बाजूला तेल भरलं.

काकांनी कोरं पान उघडलं, तारीख घातली आणि खाली एक ओळ लिहिली. काय लिहिलंत, म्हणून विचारलं.

"डावीकडं तेल घातलं," त्यांनी वाचून दाखवलं.