अंगठ्याची अडचण

पियानोवर रोज एक तास, शुक्रवारी सुट्टी म्हणून दोन! मनामातल्या आमच्या घरात हा नियम मीच केला आणि घड्याळ घेऊन बसलो. मुलगी वाजवायची, पण येतं तेच. 'पांढरी एक'च्या सप्तकात सा-रे-ग झाले की अंगठा बोटांखालून 'म'वर न्यायचा. तिथे ती अडखळायची, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा रडलीच. "बाबा, तुम्ही ऐकत नाही, घड्याळ बघता." खरंच होतं. ऑफिसात एक चूक सापडली म्हणून मी सबंध प्रोग्रॅम पुन्हा लिहायला लावत नाही. तेवढीच ओळ दुरुस्त करतो. आता वीसच मिनिटं, त्यातली निम्मी नुसतं 'ग-म', अगदी सावकाश. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. काल मीही वाजवून पाहिलं. माझा अंगठा अजून अडकतो. हसू नका, मुलांनो!