नोंद सापडली नाही

‘चालत नाही’ ही मराठी भाषेतली सर्वांत आळशी तक्रार आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. घड्याळ चालत नाही, मिक्सर चालत नाही, धाकट्याचे डोके गणितात चालत नाही. सारे एकाच क्रियापदाच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. वैद्यापुढे बसलेला माणूस नुसते ‘बरे नाही’ म्हणून गप्प बसत नाही. कुठे दुखते, केव्हापासून दुखते, जेवणाआधी की जेवणानंतर, हे तो न विचारता सांगतो. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्यालाही सांगतो. पण संगणकावरचा एखादा प्रोग्राम अडला की आपल्या तोंडून ते दोनच शब्द निघतात, आणि समोरच्या जाणकाराने नाडी न बघताच पुडी बांधून द्यावी अशी आपली अपेक्षा असते.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला या उठाठेवी हव्यात कशाला? पण पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी मास्तराला एकाच विषयाचे होऊन राहता येत नाही. लग्नपत्रिकेतला मजकूर, मानपत्र, सरकारदरबारी द्यायचा अर्ज, या साऱ्या वाटा शेवटी मराठीच्या प्राध्यापकाच्या ओसरीवर येऊन थांबतात. तशीच एके रविवारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची स्वारी आली. वर्गात असताना संधी आणि समास यांच्याशी त्याचे कधी जमले नाही. संगणकाशी मात्र पहिल्या भेटीतच सूत जमले. तालुक्यातल्या एका शाळेसाठी तो प्रोग्राम लिहीत होता. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे कोण केव्हा दाखल झाला, जन्मतारीख कोणती, शाळा केव्हा सोडली, हे सारे त्यात भरायचे आणि मागेल त्याला दाखला छापून द्यायचा. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून प्रोग्राम कचेरीतल्या टेबलावरच्या संगणकातच राहणार होता.

आमचा तालुका अवर्षणाचा. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसे पोटासाठी मुंबईला गेली. पासपोर्ट, पेन्शन, नातवाचा जातीचा दाखला, असे काही निघाले की ती शाळेच्या दारात येतात. रजिस्टरची जुनी पाने पापडासारखी मोडू लागली होती. तेव्हा काम पुण्याचे होते यात शंका नाही.

“सर, प्रोग्राममध्ये बग आहेत,” विद्यार्थी म्हणाला.

मी कोशाकडे धाव घेतली. ‘बग’ म्हणजे कीटक. ढेकूणसुद्धा त्यात आला. यंत्रातल्या दोषाला एडिसन १८७८ सालीच हा शब्द लावत होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य गणकयंत्रात खराच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवून ठेवला, आणि ती वही आजही तिकडच्या संग्रहालयात आहे. दोष सापडल्यावर तो जागेसह आणि वेळेसह लिहून ठेवायचा, ही त्यांची रीत मला फार आवडली.

विद्यार्थ्याच्या तक्रारींतली पहिली म्हणजे मराठी अक्षरांची. “मराठी चालत नाही, सर.” मी म्हटले, “चालत नाही म्हणजे काय दिसते ते सांग.” तेव्हा उलगडले की एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळे रोग आहेत. कधी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत. तो रोग किरकोळ. मजकूर शाबूत असतो. तो रेखाटायला लागणारा फॉन्ट त्या संगणकात नसतो, एवढेच. कधी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाची चिन्हे यांची रांग लागे. हाही रोग जिवावरचा नाही. युनिकोडचा मजकूर यंत्र जुन्या रोमन पद्धतीने वाचत असते. चष्मा बदलला की अक्षरे जागेवर. तिसरा रोग मात्र वाईट. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ. ज्या जुन्या साच्यात देवनागरीला जागाच नाही त्यात मजकूर ओतला, तर यंत्र प्रत्येक अक्षर फेकून देऊन तिथे प्रश्नचिन्ह ठेवते. असे नाव एकदा साठवले गेले की परत येत नाही. कागद काढून पुन्हाच लिहावे लागते. तीनही वेळा माणूस ‘चालत नाही’ असेच म्हणतो. पण एकात फॉन्ट घालायचा, दुसऱ्यात चष्मा बदलायचा आणि तिसऱ्यात आधी हात थांबवून मूळ प्रत वाचवायची.

दुसरी गंमत लांबीची. नावासाठी त्याने दहा अक्षरांची जागा ठेवली होती. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव तुम्हीआम्ही चार अक्षरांचे मानतो. युनिकोडच्या हिशेबी ज, हलन्त, ञ, काना असे मोजत गेले की ते दहा खुणांचे होते, आणि साठवणीच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागून बेरीज तीसवर जाते. त्याचा साचा बाइट मोजत होता. म्हणून ज्ञानेश्वर पहिल्या अक्षराच्याही आतच कापला जाई आणि शेवटी एक काळा चौकट-प्रश्न उरे. “सर, मी तर दहा मोजले होते,” तो म्हणाला. काय मोजले, हे सांगितल्याशिवाय दहाला अर्थ नाही.

तारखांचा घोटाळा तर पंचांगकर्त्यालाही हसवील असा होता. आपल्या खेड्यांत एका पिढीचा जन्म बहुतांशी एक जूनचा. शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे, मग गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकात तारीख बरोबर दिसे. शाळेतल्या संगणकात मात्र तीच माणसे ६ जानेवारीला जन्मलेली निघत. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ निघाले. अर्धा गाव पत्रकारदिनी जन्मलेला पाहून मला क्षणभर बरेच वाटले! कारण साधे होते. शाळेतला संगणक अमेरिकी रीतीने आधी महिना, मग दिवस वाचत होता. बारापर्यंतच्या तारखा गुपचूप उलटत होत्या. तेरापासून पुढे उलटणे शक्यच नाही, कारण तेरावा महिना नाही. त्या तारखा यंत्र नाकारत होते. म्हणून कारकूनबाई म्हणत, “कधी चालतं, कधी नाही.” जो दोष कधी दिसतो, कधी नाही, त्याच्या दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात, फरक आपोआप बोलू लागतो. आता प्रोग्राम पोटात वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख ठेवतो आणि माणसांना त्यांच्या सवयीने दाखवतो.

दाखला छापायला सांगितला की पडदा पांढरा पडे आणि ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येई. बाई घाबरून यंत्रच बंद करीत. हे एकट्या किराणा दुकानदारासारखे आहे. तो मागच्या कोठीत गूळ तोलायला गेला की गल्ल्यावर कोणी नसते आणि गिऱ्हाइकाला दुकान बंद वाटते. कोठीसाठी एक पोऱ्या ठेवला, म्हणजे लांबचे काम प्रोग्रामच्या वेगळ्या धाग्याकडे सोपवले, की मालक गल्ल्यावर हसतमुख बसून राहतो.

माझा खरा उपयोग झाला तो सूचनांच्या भाषेत. चुकीचा आकडा टाकला की प्रोग्राम ‘अवैध निविष्टी’ असे फटकारी. आमच्या भागात ‘अवैध’ हा शब्द वाळूच्या उपशाशिवाय फारसा ऐकू येत नाही. बाईंना वाटले, आपल्या हातून काही बेकायदा झाले. तिथे मी लिहून दिले: ‘वर्ष चार आकड्यांत लिहा, उदा. १९५८.’ त्या दिवसापासून त्या चुकीसाठी विद्यार्थ्याला फोन आला नाही.

या साऱ्या गोष्टी हसण्यावारी नेता आल्या. एक मात्र नेता आली नाही.

मी त्या शाळेत काही कामाने गेलो होतो. मुंबईहून रात्रीच्या एसटीने आलेले एक वयस्क गृहस्थ दाखल्यासाठी थांबले होते. बाईंनी नाव टाकले. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘नोंद सापडली नाही’. पुन्हा टाकले; पुन्हा तेच. गृहस्थ पडद्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, “बाई, समोरच्या लिंबाखाली आमचा वर्ग भरायचा. मग मी शिकलो कुठं?”

बाईंनी कपाटातून रजिस्टर काढले. निळ्या शाईत नाव स्वच्छ होते. संगणकातल्या याद्या हाताने खाली-खाली सरकवल्या, तर तिथेही नाव होते. म्हणजे नोंद होती; शोधणाऱ्याला ती सापडत नव्हती. विद्यार्थ्याला बोलावले. त्याने टाइप केलेले आणि साठवलेले नाव एकाखाली एक ठेवले. डोळ्यांना तिळाएवढा फरक दिसेना.

मग आम्ही अर्धे-अर्धे करत गेलो. नुसते पहिले नाव दिले: सापडले. नुसते आडनाव: नाही. आडनावाचे पहिले अक्षर: सापडले. पुढचे जोडाक्षर जोडले: नाही. चोर त्या जोडाक्षरात होता. ते होते ‘ऱ्ह’, आपल्या गुऱ्हाळातले.

हा अर्धा ‘र’ मराठीचा खास ऐवज आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत जेवायला बसणारा कोण आणि वाढणारा कोण, हे तोच ठरवतो. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि ‘तऱ्हा’ या शब्दातही नेमका तोच बसला आहे! एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक न दिसणारी जोडखूण येते. पडद्यावर दोन्ही सारखे उमटतात. पण यंत्र आकार पाहत नाही, खुणांचे क्रमांक पाहते. नोंदी भरताना दोघी होत्या. एकीने इन्स्क्रिप्टच्या की-बोर्डने भरल्या, दुसरीने रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या सोयीने. युनिकोडचा स्वतःचा प्रमाणीकरणाचा नियमही या दोन तऱ्हा एक मानत नाही. तो नियम प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतः घालावा लागतो. विद्यार्थ्याने आधी सर्व नोंदींची प्रत बाजूला काढून ठेवली, मग साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकच रूप करून घेतले. त्या दुरुस्तीने गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे अशा आडनावांची कितीतरी मंडळी एका दुपारी पुन्हा शाळेत दाखल झाली.

हे काम आमच्या जिल्ह्याला अगदीच परके नाही. नेवाशाला शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे हातोहात नकला होत पाठ बिघडत गेले. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी तो ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. दोष तेवढाच काढायचा, त्या निमित्ताने आपली हौस भागवायची नाही, हे पथ्य मी विद्यार्थ्याला आवर्जून सांगितले. कारण एक दुरुस्ती करताना आणखी चार ठिकाणी हात लावायचा मोह त्याला फार होता. आणि मग नवा बिघाड कोणत्या बदलाने झाला ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

एक वाक्य मात्र मी बदलायला लावले. ‘नोंद सापडली नाही’ याऐवजी तिथे आता असे येते: ‘या लेखनाने नोंद मिळाली नाही. नावाचा थोडा भाग टाकून पाहा किंवा कागदी रजिस्टर पाहा.’ यंत्राला जेवढे ठाऊक तेवढेच त्याने बोलावे. आपल्याला दिसले नाही म्हणजे माणूसच नव्हता, असा निवाडा त्याने देऊ नये.

रजिस्टर आता रद्दीत जाणार नाही, असे मुख्याध्यापकांनी ठरवले आहे. त्या गृहस्थांना छापील दाखला मिळाला. पण ते लगेच उठले नाहीत. बाईंना विचारून त्यांनी ते जुने पान पुढे ओढले, आपल्या नावावर बोट ठेवले आणि मग ते बोट वरच्या नावांवरून, खालच्या नावांवरून फिरू लागले. “हा गेला... हा सुप्याला असतो... याच्याकडे माझी पाटी राहिली होती,” असे ते स्वतःशीच म्हणत होते. परतीच्या गाडीला अजून अवकाश होता.