पोर्टा केबिनचा विमा

हिंगणा

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं चष्मा लावून नीट वाचली. जावईबापू म्हणतात, वर्षाचे बाराशे रुपये वाचतात तर स्वस्तातली पॉलिसी घ्यावी. तू म्हणतेस, महाग आहे म्हणजे तिच्यात काहीतरी जास्त असेलच. मला दोघांचंही पटलं नाही.

स्वस्तातली स्वस्त का, हे ‘बांधकामाचा प्रकार’ या ओळीत दिसतं. तिथं एजंटानं सरळ ‘पक्कं, आरसीसी’ लिहून टाकलंय. अगं, आपलं घर म्हणजे लोखंडी सांगाड्यावर पत्रा, मधे फोम, परत पत्रा अशा पॅनेलची केबिन. ट्रेलरवर येणार, क्रेननं उतरणार. तिच्यात घमेलंभर काँक्रीट नाही. उद्या आग लागली तर सर्व्हेअर आधी भिंत ठोकून पाहील आणि मग अर्ज काढील. चुकीच्या माहितीवर काढलेल्या विम्याचा दावा नाकारायला कंपनीला तेवढं पुरतं. मग वाचवलेले बाराशे सोड, भरलेला हप्ताही पाण्यात.

दोन्ही पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’च आहेत. विमा प्राधिकरणानं १ एप्रिल २०२१ पासून ही एकसारखी पॉलिसी आणली, त्यामुळे मूळ संरक्षण सगळीकडे तेच: आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल वगैरे. म्हणजे ‘महागात जास्त’ हेही खरं नाही. महागात दागिन्यांचं आणि अपघाताचं वेगळं कलम जोडलंय, एवढंच. शेतावरच्या केबिनमध्ये तू कोणते दागिने ठेवणार आहेस? ते काढायला सांग.

या पॉलिसीत लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लास्टिकचं कापड, ताडपत्री असल्या भिंती-छपराला कच्चं बांधकाम म्हणतात. आपला पत्रा त्यात थेट बसत नाही, पण आतल्या फोमवरून उद्या वाद नको. तेव्हा पॅनेलची जाडी, फोम कोणता, केबिन पायाला बोल्टनं आवळलेली आहे की नुसती ब्लॉकवर ठेवलेली, हे सगळं लिहून कंपनीला ईमेल कर आणि उत्तरही ईमेलनंच माग. एजंट फोनवर ‘हो ताई, होऊन जाईल’ म्हणतो, त्याला दाव्याच्या वेळी काही किंमत नसते. घर सलग महिनाभर बंद राहिलं तर काय, हेही त्याच पत्रात विचार. तुम्ही पुण्यात, केबिन इथं. ती बंदच जास्त राहणार.

रक्कम लावताना जमीन वजा कर. तू प्लॉटसकट किंमत धरलीयेस. प्लॉट जळत नाही नि वाहूनही जात नाही. केबिन तशीच पुन्हा उभी करायला आज जेवढे लागतील, तेवढीच रक्कम लाव. धर साडेसात लाख. घराचा विमा काढला की त्याच्या वीस टक्के सामान आपोआप धरतात, कमाल दहा लाखांपर्यंत. म्हणजे तुझं दीड लाखाचं सामान झालंच. पलंग, फ्रिज, एसी, पंप त्यात बसतात. वेगळा सामानाचा विमा कशाला?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते? नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये लोक झोपेतून उठले तर घरात पाणी. तिथं बहुतेक घरं उभी राहिली, सामान गेलं. सरकारनं घरटी दहा हजार जाहीर केले. त्यात फ्रिजही येत नाही. अशा वस्तीत सामानाला जपावं लागतं. आपल्या मोकळ्या वावरात उलटं आहे. उन्हाळ्यात वावधन सुटलं की पत्रे उडतात, न बांधलेली केबिन कलंडते. तिथं ढाचाच जायचा धोका. म्हणून बाराशे रुपये वाचवण्यापेक्षा पायात बोल्ट घालायला आणि वीजरोधकाला जास्त घाल. जावईबापूंना हे कदाचित लवकर पटेल.

मात्र चोरीच्या भरवशावर राहू नकोस. या पॉलिसीत चोरी धरतात ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आतली. एरवी कोणी पंप उपटून नेला तर भरपाई नाही. पंपाला पिंजरा कर.

केबिन कारखान्यातून निघून ट्रेलरवर असेपर्यंत ही पॉलिसी लागू नाही. ती पत्त्याला बांधलेली आहे. क्रेनचा पट्टा तुटला तर वाहतुकीचा वेगळा विमा लागतो. तो कारखानदार काढतो की आपण, हे बिलावर लिहून घे. पुढं केबिन दुसऱ्या शेतात हलवाल तर परत हाच खटाटोप आणि कंपनीला आधी कळवणं. म्हणूनच दहा वर्षांची पॉलिसी नको. एजंट सवलत दाखवून तीच गळ्यात मारतील. तुमचं अजून ठरलेलं नाही, वर्षावर्षाची घे.

आणि चाकांवरच्या घराचं ते खूळ सध्या डोक्यातून काढा. ती गाडी ठरते. तिला मोटार विमा, तोही तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा. भरपाई घसाऱ्यानंतरच्या किमतीवर, चार वर्षं उलटली की पन्नास टक्के वजा. पक्क्या पत्त्यावरच्या घराला पुन्हा बांधायचा खर्च मिळतो, हा फरक हप्त्यात दिसत नाही.

एक राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उठला तो वैयक्तिक आयुर्विमा नि आरोग्यविम्यावरचा. घराच्या विम्यावर अठरा टक्के आहेच. स्वस्त कोटेशन करासकट आहे का, तेवढं विचारून घे. बाराशेचा फरक तिथंच बराचसा विरघळेल असा मला संशय आहे.

दुरुस्त केलेला अर्ज सही करण्याआधी मला पाठव. मामीनं तिखट कुटून ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती देते.

तुझा,
मामा